शाली राहू द्या, आधी मोजणीची तारीख विचारा

पत्र असं आहे :

'ताई, आमचं गाव खटाव तालुक्यात. दोन-तीन घरांआड एक फौजी. मी गणेश मंडळाचा खजिनदार. यंदा खर्च वजा जाता ६२ हजार रुपये उरलेत आणि ते सैनिकांसाठी वापरायचे असं बैठकीत ठरलं. पण कसे, यावरून तीन तट पडलेत. एका गटाला २६ जानेवारीला आजी-माजी सैनिकांचा भव्य सत्कार हवाय : फ्लेक्स, फेटे, डीजे. दुसऱ्याला वेशीवर कमान हवी. तिसऱ्यानं व्हॉट्सॲपवर आलेला एक खाते क्रमांक आणलाय. तिथं पैसे भरले की सैन्याला शस्त्रं घेता येतात म्हणे. मला तिन्हींत काहीतरी खटकतंय, पण बोट ठेवता येत नाही.

आणखी एक. आमच्या समोर राहणारे हवालदार आठ महिन्यांपूर्वी पेन्शनीवर आले. वय ४१. पारावर येत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, रात्री अंगणात येरझाऱ्या घालतात. पोरं म्हणतात, मेजरचं (गावात प्रत्येक फौजी मेजरच) डोकं फिरलंय. आणि शेजारच्या घरातला मुलगा सध्या अरुणाचलला आहे. घरी बायको, दोन लहान मुलं, आजारी आई, वर बांधावरून भावकीशी वाद. मदत करावीशी वाटते, पण नाक खुपसल्यासारखं होईल का?'

खजिनदार,

आमच्या पलंगाखाली एक काळी लोखंडी ट्रंक आहे. तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं ह्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव. बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरपासून जम्मूपर्यंत रेल्वेच्या बाकाखाली सरकवत नेलेली. आता तिच्यात अकरा शाली आहेत. एकही थंडीत पांघरण्याच्या लायकीची नाही आणि चार तर अजून प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेल्या नाहीत. २८ वर्षांच्या नोकरीत आणि नंतर गावानं जे जे सत्कार केले त्यांची ही शिल्लक. नारळांची चटणी झाली.

तुम्हाला खटकतंय ते हेच असावं. तिन्ही बेत गावाला दिसतील असे आहेत. फौजीच्या घरी जे लागतं ते बहुधा कुणाला दिसतच नाही.

१९९९ चा, कारगिलच्या लढाईचा उन्हाळा मी या ट्रंकेपेक्षा जास्त जपून ठेवलाय. हे तेव्हा काश्मीरात, कुपवाड्याच्या बाजूला. आमच्या घरी फोन नव्हता. बाजारपेठेत एक एसटीडी बूथ होता, चालवणाऱ्याचा एक पाय पोलिओनं अधू. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर उतरायचा, म्हणून फौजींचे फोन त्याच वेळी यायचे. बाकीचं मार्केट नऊला बंद. हा माणूस त्या तीन महिन्यांत रोज साडेअकरापर्यंत शटर अर्धं वर ठेवून बसायचा. फोन आला की त्याचा पोरगा पळत आमच्या दारात : 'काकी, मेजरांचा फोन आलाय, धा मिनटांनी परत करतो म्हणाल्यात!' मी चप्पल शोधत बसत नसे. परत येणाऱ्या फोनचे पैसे घ्यायचा त्या बूथवाल्यांचा रिवाज होता, याने कधी घेतले नाहीत. द्यायला गेले तर म्हणाला, 'वहिनी, मी तर बसलेलोच असतो.' त्याला कुणी फेटा बांधला नाही. तो काय करत होता हे त्याला आणि मला सोडून कुणाला ठाऊकही नव्हतं.

आता तुमच्या ६२ हजारांकडे वळते. पण आधी सुट्टीचं गणित सांगते, म्हणजे पैशाआधी काय लागतं ते कळेल.

जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक सुट्टी आणि वर महिन्याभराची किरकोळ, असं कागदावर असतं. ती कधी मिळेल, सलग मिळेल का, हे युनिटच्या हातात. २०२५ च्या मे महिन्यात सुट्टीवर आलेल्या कितीतरी पोरांना निरोप आला आणि ती अंगावरची हळद घेऊन गाडीत बसली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. सुट्टी सुरळीत मिळाली तरी ती जाते कुठं? तलाठ्याकडे वारसनोंदीला. फेरफाराला. भूमी अभिलेखच्या कचेरीत मोजणीचा अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय ते बघायला. शाळेच्या दाखल्याला, रेशनकार्डाच्या केवायसीला, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला. आमच्या थोरल्याचं बारसं ह्यांनी फोटोत पाहिलं. पण सातबाऱ्यावरची एक चूक दुरुस्त करायला ह्यांच्या तीन सुट्ट्या गेल्या. तिसऱ्या वेळी साहेब रजेवर होते.

म्हणून पहिलं काम बिनपैशाचं आहे. मंडळाची पावतीपुस्तकं असतात तशी एक वही घाला. गावातलं कोण कुठं नोकरीत आहे, घरी कोण कोण आहे, कुठलं काम अडलंय. लष्कर, नौदल, हवाईदल एवढ्यावर थांबू नका. सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपीवालेही लिहा. गाव त्यांनाही 'मिल्ट्रीत आहे' म्हणतं, पण ती दलं गृहमंत्रालयाची. पेन्शन, दवाखाना, कँटीन सगळ्याचे नियम वेगळे, आणि सत्काराच्या यादीत त्यांचं नाव नेमकं राहून जातं. छत्तीसगडच्या जंगलात दोन वर्षं काढून आलेल्या पोराला मांडवात खुर्ची नसते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वही झाली की मंडळातल्या दोन-तीन समजूतदार पोरांनी कामं वाटून घ्यायची. मोटारसायकल, स्मार्टफोन आणि कचेरीत न चिडता उभं राहायची तयारी एवढंच भांडवल. पण तीन गोष्टी आधीच ठरवा. कुणाचा ओटीपी, एटीएमचा पिन, पासबुक आपल्याकडे घ्यायचं नाही. जे करायचं ते त्या माणसासमोर. कोऱ्या कागदावर सही मागायची नाही. आणि जिथं घरात बाई एकटी आहे तिथं संध्याकाळी मंडळाची पोरं पाठवायची नाहीत. बचत गटातल्या बायकांना सोबत घ्या, किंवा तुमच्या मिसेस जाऊ देत. तुमच्या मनात काही नसतं हो, पण त्या पोरीला सासू आहे, भावकी आहे आणि हजार मैलांवर फोनवर नवरा आहे. मदतीपायी तिला कुणाला खुलासे द्यायला लागले तर ती मदत नव्हे. मी हे भोगलंय, म्हणून इतकं स्पष्ट लिहिते.

आता भावकीच्या वादाचं. यात मंडळानं बाजू घ्यायची नाही, उद्या गावात राहायचंय तुम्हाला. पण एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. १९२५ पासून आपल्याकडे सैनिकांच्या कोर्टकज्जांसाठी एक स्वतंत्र कायदा आहे. नोकरीमुळे जवानाला कोर्टात हजर राहता येत नसेल तर जिल्हाधिकारी तसं कोर्टाला कळवू शकतात आणि ठरलेल्या परिस्थितीत दाव्याचं काम थांबवता येतं. त्याच्या माघारी एकतर्फी निकाल लागू नये, हा त्यामागचा हेतू. शिवाय जवानाने आपल्या युनिटमध्ये अर्ज दिला तर कमांडिंग ऑफिसरच्या सहीचं पत्र थेट कलेक्टरांकडे येतं. अशी पत्रं कचेरीत गंभीरपणे घेतली जातात, पण ती आली का, कुठं पोचली, हे बघायला गावातला कुणीतरी लागतो. तो तुम्ही व्हा. आणि २०२५ च्या जुलैत राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं सैनिकांच्या कुटुंबांसाठी कायदेशीर मदतीची योजना सुरू केली आहे. ती सैनिक कल्याण कार्यालयांमार्फत मिळते. साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच. बाहेरच्या वकिलाला पैसे मोजायच्या आधी त्या पोरीला तिथला रस्ता दाखवा.

ते कार्यालय नीट ओळखून घ्या, कारण तुमच्या वहीतली निम्मी कामं शेवटी तिथंच जाणार. माजी सैनिकाचं आणि विधवेचं ओळखपत्र, मुलांच्या शिष्यवृत्त्या, शिफारशी सगळं तिथून. बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी सैनिकांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृहं आहेत. गावातली किती पोरं कॉलेजसाठी महागड्या खोल्या घेऊन राहतात आणि घरच्यांना वसतिगृहाचा पत्ताच नसतो! घरपट्टीचंही तसंच. माजी सैनिकांना आणि दिवंगत सैनिकांच्या पत्नींना राज्यात एका घराच्या घरपट्टीतून सूट आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत किती जणांनी अर्ज केलाय, ग्रामसेवकांना विचारा. आकडा ऐकून ओशाळाल.

म्हाताऱ्या पेन्शनरांची आणि विधवांची एक दुखणं सांगते, ते कुठल्या भाषणात येत नाही. संरक्षण खात्याची पेन्शन आता 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन प्रणालीवर गेली आहे. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा. ज्या बाईनं जन्मभर खुरपं धरलं तिचा अंगठा मशिनवर उमटत नाही. डिस्चार्ज बुकात नाव 'लक्ष्मीबाई', आधारवर 'लक्ष्मी', बँकेत माहेरचंच नाव, आणि जन्मतारीख तीन ठिकाणी तीन. नवरा होता तोपर्यंत हे कुणी बघितलं नाही. तो गेला की फॅमिली पेन्शन अडते आणि सत्तरीची बाई सेतू कार्यालयाच्या पायरीवर बसते. ही नावं नवरा जिवंत असतानाच दुरुस्त करून घ्यायची असतात. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज जातो. मराठा पलटणीवाल्यांचं रेकॉर्ड बेळगावला. तुमच्या पोरांनी एक रविवार काढून गावातल्या सगळ्या पेन्शनरांची डिस्चार्ज बुकं आणि आधार कार्डं शेजारी शेजारी ठेवून नुसती ताडून पाहिली, तर त्या दिवसाचं मोल डीजेपेक्षा जास्त, असं मी लिहून देते. चहा-पोह्यांचा खर्च ६२ हजारांतून करा.

आता पैसे. व्हॉट्सॲपवरचा तो नंबर आधी डिलीट करा. प्रत्येक हल्ल्यानंतर हे मेसेज पिकतात : रोज एक रुपया भरा, सैन्याला शस्त्रं मिळतील. शस्त्रं वर्गणीवर येत नाहीत, ती देशाच्या अर्थसंकल्पातून येतात. केंद्र सरकारच्या माहिती विभागानं हा दावा जाहीरपणे खोटा म्हटलाय. लढाईत मृत्यू आलेल्या किंवा जायबंदी झालेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी सैन्याचा कल्याण निधी आहे, तो खरा आहे, आणि २०२२ पासून त्यासाठी 'माँ भारती के सपूत' हे सरकारी संकेतस्थळही आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या हुतात्म्यांसाठी गृहमंत्रालयाचं 'भारत के वीर' २०१७ पासून आहे. तिथं एका कुटुंबासाठी १५ लाखांची मर्यादा ठेवलेली आहे, ती भरल्यावर पुढचा पैसा दुसऱ्या कुटुंबाकडे वळवता यावा म्हणून. पत्ता मेसेजमधल्या लिंकवरून नव्हे, स्वतः शोधून टाका. अंकात चूक झाली तर हळहळायला मंडळाचे सगळे सभासद तुमच्याच दारात येतील.

मला विचाराल तर यातले २० हजार ध्वजदिन निधीला द्या. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून आहे. आमच्या शाळेत तो छातीवर लावायचा छोटा कागदी झेंडा यायचा, दहा-दहा पैसे गोळा व्हायचे. आता जिल्ह्याला उद्दिष्ट येतं आणि ते बहुतेक सरकारी कचेऱ्यांतून पुरं होतं. गाव म्हणून कुणी द्यायला गेलं तर कार्यालयातले लोक चमकून बघतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन भरा, पावती घ्या, मंडळाच्या वहीत ठराव लिहा आणि पावती देवळात लावा. फ्लेक्सची हौस तेवढ्यावर भागवा.

उरलेले पैसे गावातच ठेवा. अडीअडचणीला : रात्री दवाखान्याची गाडी, कुणाच्या म्हातारीचं औषध, एखाद्या पोरीचं वसतिगृहाचं डिपॉझिट. परत येतील असे उसने. फौजीचं घर दान घ्यायला लाजतं, उसनं घ्यायला लाजत नाही. पगार असतो हो घरी. पण महिन्याच्या पंचवीस तारखेला रात्री दोन वाजता पोराला झटका आला तर पगार कुठं उठवायला जायचा?

कमानीबद्दल एकच. आपल्याच जिल्ह्यात अपशिंगे आहे. गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण परत आले नाहीत, त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. तिथं नक्की जा, मंडळाची सहल काढून जा. पण ६२ हजारांत कमानीचा एक खांब होईल आणि दुसऱ्यासाठी आमदारांकडे जावं लागेल. मग कमानीवर कुणाचं नाव मोठं यावर पुढची पाच वर्षं जातील.

खडकीचं नाव कुणी काढलं नाही याचं नवल वाटलं. पुण्यात खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर गमावलेले जवान तिथं राहतात. जायबंदी सैनिकांना धंदेशिक्षण देणारी, १९१७ साली सुरू झालेली क्वीन मेरीज संस्थाही त्याच खडकीत आहे. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर तुम्हाला आता नावानं माहीत असतील. ते ईएमईचे, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती शाखेचे जवान. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. पुढे १९७२ ला जर्मनीत पोहण्यात त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं, आणि पद्मश्री २०१८ ला मिळाली. मधली सेहेचाळीस वर्षं मोजा. अशा ठिकाणी जायचं तर आधी पत्र लिहा : येऊ का, काय लागतं, काय नको. केळ्यांच्या करंड्या घेऊन तीस जण धाड घालायची आणि व्हीलचेअरच्या मागे उभं राहून फोटो काढायचा, हे नको. दोघं-तिघं जा. कॅरम खेळा. गावाकडच्या पाऊसपाण्याच्या गप्पा मारा. माण-खटावचा माणूस भेटला तर तो विचारेलच, 'यंदा ज्वारी कशी हाय?'

आता तुमचे समोरचे हवालदार.

हे पेन्शनीवर आले त्या आठवड्यात मी जवळपास रडकुंडीला आले होते. पहाटे साडेचारला उठून चादरीची चौकोनी घडी. पोरांच्या बुटांची तपासणी. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, 'स्टोअरची चावी कुणाकडे असते?' स्टोअर म्हणजे माझं कपाट. मसाल्याचे डबे ह्यांनी उंचीप्रमाणे लावले आणि मी चिडले. मी अठ्ठावीस वर्षं ते घर एकटीनं चालवलं होतं. माझ्या घरात एक पाहुणा आला होता आणि तो मालक होता. रात्री हे अंगणात बसायचे. एकदा मी विचारलं काय होतंय, तर म्हणाले, 'काही नाही. उद्या कुठं रिपोर्ट करायचं तेवढं कळत नाही.'

चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे माणूस फौजेतून बाहेर पडतो. ज्या वयात इतरांना बढत्या लागतात त्या वयात तो 'माजी' होतो. वीस वर्षं कुणीतरी सांगत असतं, पहाटे काय, दुपारी काय. बाजूच्या खाटेवर केरळचा, समोर गढवालचा. गावात आल्यावर दोनच प्रश्न ऐकायला मिळतात : 'पेन्शन किती बसली?' आणि 'किती मारले?' पहिला प्रश्न तुम्ही ग्रामसेवकाला विचारता का? दुसरा तर कधीच विचारू नका, पोरांनाही बजावा. त्याला सांगायचं असेल तर तो दहा वर्षांनी विहिरीच्या कठड्यावर बसून स्वतः सांगेल, आणि तेव्हा मध्ये बोलू नका. तिसरीही एक गोष्ट : डिसेंबर लागला की ज्यांना अचानक मेजरांचा पुळका येतो, त्यांनी कँटीनच्या बाटलीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मी हे हसत लिहितेय, पण आमच्या दारात ३० डिसेंबरला आलेली माणसं मला तोंडपाठ आहेत.

मग बोलायचं काय? काम सांगा. नेमकं, हातचं काम. 'आमच्या पोरांना प्रेरणादायी मार्गदर्शन करा' हे काम नव्हे, ते पुन्हा व्यासपीठच. आधी त्यांच्या ट्रेडची चौकशी करा. फौजेत सगळेच बंदूक घेऊन उभे नसतात. कुणी सिग्नलचा असतो, कुणी गाड्यांचा मेकॅनिक, कुणी नर्सिंग असिस्टंट, कुणी पाचशे जणांचा स्वयंपाक वेळेत काढणारा. गावाला यातलं काही माहीत नसतं म्हणून रणगाड्याचं इंजिन खोलणारा माणूस शेवटी शिट्टी घेऊन एटीएमच्या दारात बसतो. त्या नोकरीत कमीपणा नाही, पुण्याचं माजी सैनिक महामंडळ अशा पुष्कळ नोकऱ्या लावून देतं. पण त्याचा हात कशात चालतो हे आधी विचारायला काय हरकत आहे? नळपाणी योजनेची मोटर महिन्यातून दोनदा जळते ना तुमच्याकडे? ह्यांना बोलतं केलं ते आमच्या गावच्या पाण्याच्या मोटरनं. एका सकाळी सरपंच येऊन म्हणाले, 'सुभेदार, जरा बघता का, आमच्या बापाला बी कळंना झालंय.' हे संध्याकाळी सहाला घरी आले, हात काळे, आणि पहिल्यांदा दोन भाकऱ्या मागून घेतल्या.

भरतीला पळणाऱ्या पोरांचा सराव घेतील का, असंही विचारता येईल. पण नाही म्हणाले तर सोडून द्या. काहींना ते ग्राउंड नको असतं.

आणि एक गंभीर. आठ महिने झोप नाही, बोलणं नाही, हे नुसतं 'करमत नाही' नसेलही. तुम्ही डॉक्टर नाही, मीही नाही. पण 'डोकं फिरलंय' हा शब्द गल्लीत चालू देऊ नका, कारण तो त्यांच्या मुलांच्या कानावर शाळेत पडतो. त्यांच्या पत्नीशी तुमच्या मिसेसनं बोलावं, सहज, भाजी निवडता निवडता. पिणं वाढलंय का, 'मी नसलो तरी चालेल' असलं काही ते बोलतात का. घरात परवान्याची बंदूक असेल आणि असं बोलणं निघत असेल, तर ती बंदूक काही दिवस घराबाहेर सुरक्षित जमा राहील हे भावाला बरोबर घेऊन बघा, लाजू नका. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. लष्करी माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा वेगळा कक्ष २०२३ च्या डिसेंबरात पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झालाय. माजी सैनिकांचा ईसीएचएस दवाखाना तर आहेच. 'मनाच्या डॉक्टरकडे चला' म्हटलं तर ते उठणार नाहीत. 'बीपी तपासून येऊ, मलाही दाखवायचंय' म्हटलं तर उठतील. आमचे तसेच उठले.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं एक आताच सांगून ठेवते. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेल्या. त्यांची नोकरी चार वर्षांची, म्हणजे २०२७ च्या आसपास ती पोरं गावात दिसायला लागतील. योजना आली तेव्हाच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार, बाकीचे बावीस-चोवीस वर्षांचे, पेन्शन नाही, हातात ११ लाख ७१ हजारांच्या आसपास सेवानिधी, म्हणजे मुदत संपल्यावरची एकरकमी रक्कम. आपल्या गावची जीभ मला माहीत आहे. 'परत पाठवला व्हय?' असं पहिल्या दिवशी म्हणणारा कुणीतरी पारावर बसलेलाच असेल. तो नापास होऊन आलेला नाही, मुदत पुरी करून आलाय, हे मंडळानं पारावर बसूनच सांगायचं. आणि त्या अकरा लाखांवर नजर ठेवून येणारे मामा, वीटभट्टीतले भागीदार, 'सहा महिन्यांत डबल' वाले रांग लावतील. त्याला बँकेत नेणारा, आधी सहा महिने पैशाला हात लावू नको म्हणणारा एक मोठा भाऊ लागेल. तुम्ही खजिनदार आहात. मला वाटतं ते काम तुमचंच आहे.

सत्कार करायचाच म्हणाल तर करा, मी कोण नको म्हणणारी. पण छोटा. ज्यांना बोलवायचं त्यांना आठ दिवस आधी घरी जाऊन विचारा, येणार का. हुतात्म्याच्या पत्नीला, आईला दर २६ जानेवारीला प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हात बसवून पाहुण्यांची वाट बघायला लावतात. दर वेळी सूत्रसंचालक तो दिवस पुन्हा पहिल्यापासून सांगतो आणि माइकसमोर तिच्या डोळ्यांतून पाणी काढतो. असं करू नका. गाडी पाठवा, सावलीत बसवा, भाषणं दहा मिनिटांत उरका. व्यासपीठावरून कुणी पुढाऱ्यानं 'घर देतो, नोकरी देतो' म्हटलं तर तारीख घालून वहीत लिहा आणि तीन महिन्यांनी त्याच्या दारात जा. शालीऐवजी द्यायचंच असेल तर चांगल्या प्रतीची बॅटरी, म्हणजे टॉर्च द्या, रात्री मोटर चालू करायला जाताना लागते. ह्यांना कुणीतरी एकदा दिली होती. अकरा शालींच्या गर्दीत तीच तेवढी रोज वापरात आहे.

नाक खुपसल्यासारखं होईल का, असं विचारलंत. 'काही लागलं तर सांगा' म्हणालात तर होईल, कारण त्यावर कुठलीच बाई 'हो' म्हणत नाही, मीही म्हटलं नव्हतं. येत्या रविवारी सकाळी मिसेसना घेऊन शेजारी जा. हातात काही नेऊ नका. आधी आजीच्या तब्येतीची चौकशी करा, चहा दिला तर घ्या. मग त्या पोरीला एवढंच विचारा : मोजणीची तारीख आली का, आणि त्या दिवशी बांधावर तुमच्या बाजूनं टेप धरायला कुणी आहे का?